गुग्गुळाची ओळख

काष्ठौषधींच्या दुकानात तांबूस-पिवळ्या, चिकट, अंगात मातीचे कण आणि सालीचे तुकडे रुतलेल्या खड्यांच्या रूपाने जो गुग्गुळ मिळतो, त्याचा गंध महाराष्ट्रातील क्वचितच एखाद्या घराला अपरिचित असेल. बाळंतिणीच्या धुरीत, देवळाच्या गाभाऱ्यातील धुपाटण्यात, वैद्यांच्या योगराज, त्रिफळा आणि कैशोर या नावांच्या गोळ्यांत, आणि लिंगायत घरांतून मंगलकार्याच्या वेळी वीरभद्राच्या नावाने जो ‘गुग्गुळ’ वाजतगाजत निघतो त्यातील पेटत्या मडक्यातही, हा जिन्नस पिढ्यानुपिढ्या जळत आलेला आहे. परंतु ज्या झुडपाच्या अंगातून तो पाझरतो ते झुडूप ज्याने पाहिले आहे, पाहून ओळखले आहे, असा मनुष्य या शेकडो घरांत एखादाही सापडणे कठीण. हा विपर्यास आजचा नव्हे. गुग्गुळाचा डिंक उंटांच्या आणि गलबतांच्या पाठीवरून देशोदेशी फिरला, आणि त्याच्या झुडपाची ओळख मात्र त्या उजाड टेकड्यांत गुरे राखणाऱ्या लोकांपाशीच राहिली. या दोन गोष्टींची गाठ पडावयास जो काळ लागला, त्या काळाची हकीकत येथे सांगावयाची आहे.

झुडूप दिसावयास देखणे नाही. सामान्यतः पुरुषभर, क्वचित दीड पुरुष उंचीचे. बुडापासूनच फांद्या फुटलेले, गाठाळ, वेडेवाकडे, आणि जवळजवळ प्रत्येक फांदी टोकाशी निमुळती होत होत काट्यात संपलेली. खोडाची साल राखेच्या रंगाची किंवा पिवळसर असून तिचे कागदी पापुद्रे आपोआप सुटतात, आणि त्यांच्याखाली हिरवट, तुकतुकीत अंग दिसते. पाने पहिल्या पावसाबरोबर येतात. कधी एकच पर्णिका, कधी तीन, आणि तीन असल्यास मधली मोठी व बाजूच्या दोन अगदी लहान. कडा टोकाकडे दातेरी, पृष्ठभाग चकचकीत आणि देठ नसल्यासारखाच. फुले तांबूस आणि इतकी बारीक की, शोधणाऱ्यालाच ती दिसावीत. फळ 6 ते 8 मिलिमीटर लांबीचे, पिकल्यावर लाल. पाऊस सरला की पाने गळतात, आणि मग वर्षातील बहुतेक महिने हे झुडूप कोणी तोडून टाकलेल्या वाळक्या काटक्यांच्या भाऱ्यासारखे उभे असते. त्या अवस्थेत जाणत्यावाचून कोणाचे लक्ष तिकडे जावयाचे नाही. फांदी मोडावी, म्हणजे मात्र त्या मोडीतून जो गंध दरवळतो तो सगळा संशय फेडून टाकतो. त्याचा खरा मुलूख म्हणजे सिंध आणि बलुचिस्तानच्या टेकड्यांचे पायथे, थरपारकर, कच्छचा खडकाळ प्रदेश, काठेवाडातील बरडा डोंगर आणि अरवलीच्या आसपासची कोरडी राजस्थानी भूमी. जेथे पाऊस बेताचा, माती पातळ आणि ऊन कडक, तेथे हे झुडूप सुखाने राहते.

आपल्या वाङ्मयात गुग्गुळाचा उल्लेख अतिप्राचीन आहे. अथर्ववेदाच्या 19 व्या कांडातील 38 वे सूक्त त्यालाच उद्देशून रचलेले असून, ज्याच्यापर्यंत या औषधीचा सुगंध पोहोचतो त्याच्यापासून यक्ष्मादी रोग दूर पळतात असा त्याचा आशय आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने त्या सूक्तातील खरे मोलाचे स्थळ निराळे आहे. तू सिंधूकडचा असशील किंवा समुद्राकडून आलेला असशील, अशा अर्थाने ऋषी त्या द्रव्याला संबोधतो. याचा सरळ अर्थ असा की, सूक्त रचले गेले त्या काळीच गुग्गुळ दोन वाटांनी येत होता, त्या दोहोंचा भेद लोकांना ठाऊक होता, आणि यज्ञमंडपात बसलेल्या माणसाला मात्र तो खड्यांच्याच रूपाने भेटत होता. त्याच वेदाच्या चौथ्या कांडात अप्सरांची जी नावे येतात त्यांत नलदी, औक्षगंधी यांच्याबरोबर गुग्गुळू हेही एक नाव आहे. आणि ब्राह्मणग्रंथांतील कथेप्रमाणे गुग्गुळ म्हणजे अग्नीचेच मांस, म्हणून सोमयागाच्या उत्तरवेदीवर तो पितुदारूच्या आणि सुगंधी तृणाच्या जोडीने ठेवावयाचा. गंध आहे, दैवी उत्पत्ती आहे, वेदीवर मानाचे स्थान आहे. या स्थळी नाही ते झुडपाचे वर्णन. काटा, साल, पान यांपैकी कशाचाही तेथे पत्ता नाही, कारण ज्यांनी हे लिहिले त्यांच्या अंगणात ते झुडूप नव्हते.

झुडूप प्रत्यक्ष पाहून त्याची वार्ता लिहून ठेवण्याचे श्रेय, उपलब्ध दाखल्यांपुरते बोलावयाचे तर, परक्यांकडे जाते. आणि तेही एका फसलेल्या स्वारीमुळे. इ. स. पूर्व 325 मध्ये अलेक्झांडर सिंधूच्या मुखाकडून परत फिरला आणि मकरानच्या वाळवंटातून, म्हणजे ग्रीक ज्याला गेद्रोसिया म्हणत त्या प्रदेशातून, आपले सैन्य घेऊन निघाला. तहानेने आणि उपासमारीने त्या सैन्याची जी दुर्दशा झाली ती प्रसिद्धच आहे. त्या स्वारीत असलेल्या अरिस्टोबुलस याची हकीकत पुढे अरियन या इतिहासकाराने दिली आहे. तो सांगतो की, या वाळवंटात बोळाची पुष्कळ झाडे वाढलेली होती, आणि पूर्वी कोणीही त्यांचा डिंक गोळा केलेला नसल्यामुळे सैन्यामागून व्यापारासाठी चाललेल्या फिनिशियन लोकांनी तो भरपूर जमा करून ओझ्याच्या जनावरांवर लादून नेला. आता बोळाचे खरे झाड अरबस्तानचे आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याचे. मकरानात जे होते ते त्याचे भावंड, म्हणजे आपला गुग्गुळच असला पाहिजे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे आणि मला ते पूर्णपणे ग्राह्य वाटते. फिनिशियन व्यापाऱ्याला बोळ ठाऊक होता. म्हणून त्याने जे ओळखीचे दिसले त्याला ओळखीचे नाव दिले. अरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस याने तर याच सुमारास, अरिया प्रांतात एक काटेरी झाड असून त्याला बोळासारख्या रूपागंधाचा डिंक येतो आणि ऊन पडले की तो गळू लागतो, असे लिहून ठेवले. काटा, बोळाशी साम्य, उन्हाने विरघळणे, ही तीन लक्षणे ज्याने एकत्र नोंदली त्याच्या कानावर कोणातरी प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे शब्द पडले असले पाहिजेत.

यानंतरची साक्ष बंदरांची आहे. इ. स. च्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतचे जे प्रवासवर्णन लिहिले, ते ‘पेरिप्लस’ या नावाने आपल्याकडील इतिहासवाचकांना परिचित आहे. त्यात मकरानच्या किनाऱ्यावर या डिंकाचे, ज्याला पाश्चात्त्य बडेलियम म्हणत त्याचे, झुडूप उगवते असे म्हटले असून, सिंधूच्या मुखावरील बार्बरिकम आणि नर्मदेच्या मुखावरील भरुकच्छ या दोन्ही बंदरांच्या निर्यातीच्या यादीत त्याचे नाव आहे. याच भरुकच्छाकडे आपल्या पैठणाहून गोमेदाचे दगड आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून जात असे. म्हणजे महाराष्ट्रातला माल आणि उत्तरेकडून आलेला गुग्गुळ एकाच धक्क्यावर, एकाच गलबतात चढत असला पाहिजे. त्याच शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी बॅक्ट्रियातील बडेलियम सर्वांत नामांकित म्हणतो, पण झाड मात्र ऑलिव्हाएवढे, ओकसारख्या पानांचे आणि रानअंजिरासारख्या फळाचे असे रंगवतो. हे वर्णन गुग्गुळाला लागू पडत नाही. प्लिनीचे लक्ष खरोखर बाजारावर आहे. मालात कशाची भेसळ होते, शुद्ध मालाचा भाव काय, कसोटी कशी करावी, हे तो नीट सांगतो. रोमपर्यंत डिंक गेला. झाड गेले ते केवळ ऐकीव गोष्ट होऊन.

पूर्वेकडे याहूनही विलक्षण प्रकार घडला. चीनमध्ये पार्थियाच्या, म्हणजे प्राचीन इराणच्या, नावाने ओळखला जाणारा एक धूप येत असे. संशोधकांच्या मते तो प्रथम गुग्गुळच होता. पुढे समुद्रमार्गाने सुमात्राचा लोबान चिनी पेठांत येऊ लागला, आणि हळूहळू त्याने जुन्या द्रव्याची जागा घेऊन त्याचे नावही घेतले. चिनी वैद्यांच्या पिढ्या बदलल्या, ग्रंथांतील नाव तेच राहिले, आणि त्या नावाखाली जळणारा पदार्थ निराळा झाला. ज्यांच्या डोळ्यांसमोर झाड नसते त्यांना जिन्नस पालटल्याचे कळावयास मार्गच उरत नाही.

आपल्याकडील शास्त्रकारांनी झाडाची उणीव कसोट्यांनी भरून काढली, आणि त्या कसोट्या मला त्यांच्या बुद्धीच्या सूक्ष्मतेची साक्ष वाटतात. खरा गुग्गुळ अग्नीत जळतो, उन्हात वितळतो आणि ऊन पाण्यात घातला असता दुधासारखा होतो. ही परीक्षा आजही जशीच्या तशी करून पाहता येते. कारण हा केवळ डिंक नव्हे आणि केवळ राळही नव्हे. पाण्यात मिसळणारा डिंक, तेलात विरघळणारी राळ आणि उडून जाणारे सुगंधी तेल यांचे ते मिश्रण आहे, आणि त्या तिन्ही अंगांची चाचणी वरील तीन लक्षणांत आलेली आहे. नवा गुग्गुळ स्निग्ध, सोन्याच्या वर्णाचा व पिकल्या जांभळासारखा, तो शरीर पुष्ट करणारा. जुना शुष्क आणि दुर्गंधी, तो मेद खरवडून काढणारा, असा कालभेदही त्यांनी सांगितला. भावप्रकाशात महिषाक्ष, महानील, कुमुद, पद्म आणि हिरण्य असे पाच प्रकार येतात, आणि त्यांतील पहिले दोन हत्तींना, पुढले दोन घोड्यांना व हिरण्य मनुष्यांना द्यावा असा विनियोग दिलेला आहे. हे पाच प्रकार पाच निरनिराळ्या वनस्पतींचे की एकाच वनस्पतीच्या डिंकाच्या पाच प्रतींचे, याविषयी पंडितांत पुष्कळ चर्चा झाली. परंतु नावे पाहिली तर ती बहुतेक रंगांची आहेत, आणि रंग हा पेठेतील पारख्याचा विषय आहे. माझ्या मते ही प्रतवारी अडत्यांच्या वखारीतून शास्त्रात आलेली आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मंदिराच्या भिंतींना आणि मूर्तींना लावावयाच्या वज्रलेपात बेलफळ, भल्लातक, राळ यांबरोबर गुग्गुळही सांगितला आहे. म्हणजे वैद्य आणि ऋत्विज यांच्या जोडीला शिल्पीही त्याचा गिऱ्हाईक होता.

एवढी मागणी आणि इतका दूरचा पुरवठा, म्हटल्यावर प्रतिनिधी द्रव्ये पुढे येणे अपरिहार्य होते. सातपुड्यात आणि खानदेशातील डोंगरांवर सालईचे वृक्ष आहेत. त्यांचा सुवासिक डिंक ‘सालई गुग्गुळ’ म्हणून खपू लागला. दक्षिणेकडे तर धूप देणाऱ्या निरनिराळ्या वृक्षांच्या राळांना त्या त्या प्रांतात गुग्गुळाचेच नाव चिकटले. अरब आणि इराणी वैद्य ज्याला मुक्ल म्हणत तो गुग्गुळ; परंतु ‘मुक्ल-ए-मक्की’ या नावाने जे विकले जाई ते एका आफ्रिकी ताडाचे फळ, ज्याचा गुग्गुळाशी काडीचाही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई हे या सगळ्या सुवासिक राळांचे मोठे ठाणे होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बर्बरा येथे नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत मोठी जत्रा भरे, तेथे आपले वाणी व्यापारी बोळ विकत घेत, आणि तो माल मुंबईस येऊन वखारींत निवडला जाई. हिराबोळ एकीकडे, म्हैसाबोळ दुसरीकडे, त्यांत मिसळलेले बडेलियमचे खडे तिसरीकडे. यांतील म्हैसाबोळाला चीनकडे गिऱ्हाईक असे. त्या वखारींत बसून नुसत्या नजरेने, बोटांनी आणि नाकाने जे लोक ही निवड करीत, त्यांची नावे कोणत्याही दफ्तरात नाहीत. पण पुढे रसायनज्ञांनी जे भेद प्रयोगशाळेत सिद्ध केले, त्यांतील कितीतरी त्यांनी आधीच हाताळून ठरवले होते.

वनस्पतिशास्त्रज्ञांची गोष्ट यानंतर सुरू होते, आणि तीही चुकीच्या झाडापासून. कोलकात्याच्या कंपनी सरकारच्या बागेचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी पूर्व बंगाल व आसामकडील एका झाडाला गुग्गुळ समजून त्याचे वर्णन केले. झाड त्याच कुळातले, नावही लोकांच्या तोंडचे. पण बाजारातला गुग्गुळ देणारे ते नव्हे. सिंधूकाठच्या रूक्ष प्रदेशाऐवजी जेथे पावसाच्या धारा कोसळतात तेथे गुग्गुळ शोधला गेला, याचे कारण नावाच्या मागे जाण्याची सवय. त्यानंतर 1839 मध्ये स्कॉटलंडचे वनस्पतिज्ञ वॉकर-आर्नॉट यांनी, मद्रास इलाख्यात दीर्घकाळ वनस्पती जमविणाऱ्या रॉबर्ट वाइट यांच्या सन्मानार्थ, या वर्गातील एका झुडपाला ‘वाइटी’ हे जातिनाम देऊन ठेवले. परंतु गुग्गुळ तो हाच, ही जाणीव पुढे कित्येक वर्षे शास्त्रात रुजली नव्हती.

ती गाठ बांधली जॉन एलर्टन स्टॉक्स यांनी. हे मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेतील डॉक्टर. सिंध 1843 साली इंग्रजी अंमलाखाली गेला, आणि तेथे देवी टोचण्याच्या कामावर नेमणूक झाल्यामुळे त्यांना गावोगाव, वाड्यावस्त्यांवर हिंडावे लागले. त्या भटकंतीत त्यांनी सिंध आणि बलुचिस्तानची वनस्पती जितकी पाहिली तितकी त्यांच्या आधी कोणा युरोपियनाने पाहिली नव्हती असे म्हणावयास हरकत नाही. सिंधमधील या वर्गाच्या दोन झुडपांचे त्यांनी केलेले वर्णन वनस्पतिज्ञ हूकर यांच्या नियतकालिकात 1849 साली चित्रासह प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक आपला गुग्गुळ; त्याला जातिनाम दिले गेले ते ‘मुकुल’, अरबी-इराणी वैद्यांच्या मुक्लावरूनच. हा त्यांचा निर्णय मला फार योग्य वाटतो; कारण जे झुडूप डोळ्यांसमोर आहे तेच ग्रंथांतील आणि पेठांतील त्या प्राचीन द्रव्याचे जनक होय, ही ग्वाही त्यांनी त्या एका शब्दात कायमची गुंतवून ठेवली. थिओफ्रॅस्टसच्या ऐकीव काटेरी झाडाला इतक्या शतकांनंतर पाने, फुले, फळे आणि पत्ता मिळाला. स्टॉक्स 1854 साली, बत्तिशीच्या सुमारास वारले. त्यांच्या टिपणांचा मोठा भाग ग्रंथरूप घेतल्यावाचून राहिला.

पुढील नामकरणाचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. जर्मन वनस्पतिज्ञ एंगलर यांनी 1883 साली हे झुडूप ‘कॉमिफोरा’ या वर्गात घातले, आणि ऐंशीएक वर्षे ते कॉमिफोरा मुकुल या नावाने चालले. जोधपूरचे एम. एम. भंडारी, ज्यांचा राजस्थानी वाळवंटातील वनस्पतींवरील ग्रंथ पुढे सर्वमान्य झाला, त्यांनी 1965 साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पत्रिकेत दाखवून दिले की, आर्नॉटचे 1839 चे नाव दहा वर्षे अगोदरचे असल्यामुळे शास्त्राच्या नियमानुसार तेच ग्राह्य धरले पाहिजे. तेव्हापासून कॉमिफोरा वाइटी हे नाव रूढ झाले. नियम निर्विवाद आहे, आणि तरीही वैद्यांच्या व व्यापाऱ्यांच्या कागदांत मुकुल अजून टिकून आहे, याचे मला समाधानच वाटते.

नावाच्या या निश्चितीच्या मागेपुढे आपल्याकडे झालेले काम विसरता कामा नये. मुंबईत डॉ. विल्यम डिमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानातील औषधींचे जे ग्रंथ सिद्ध केले त्यांत पेठेतील माल आणि रानातील झाड यांची सांगड घालण्याचा सतत प्रयत्न आहे. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांनी वनौषधींवर विपुल लिहून सामान्य वाचकाला या विषयाची गोडी लावली. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे मुंबईचे, सरकारी वैद्यकीय सेवेतील अधिकारी आणि मराठीचे कवीही. त्यांनी मेजर बामनदास बसू यांच्यासह हिंदी औषधी वनस्पतींवर जो प्रचंड सचित्र ग्रंथ रचला, तो 1918 साली, म्हणजे कीर्तिकरांच्या निधनानंतर, प्रकाशात आला. पण या सर्वांत गुग्गुळाच्या सर्वांत निकट राहिले ते कच्छचे जयकृष्ण इंद्रजी. औपचारिक शिक्षण बेताचे असलेल्या या माणसाने पोरबंदर संस्थानच्या नोकरीत राहून बरडा डोंगराची वनस्पती पायी हिंडून अभ्यासली, आणि 1910 साली गुजरातीत जो ‘वनस्पतिशास्त्र’ ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात शास्त्रीय वर्णनाबरोबर लोकांची नावे आणि लोकांचे उपयोग यांनाही आदराचे स्थान दिले. डोंगरातील धनगर-रबारी, वैद्य आणि विद्यापीठातील शास्त्रज्ञ या तिघांनाही उपयोगी पडेल असा ग्रंथ देशी भाषेत असावा, ही त्यांची दृष्टी त्या काळी फार थोड्यांना होती.

ओळख पटली, आणि ओळखीबरोबर आपत्तीही आली. काशी हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती यांनी 1966 साली सादर केलेल्या प्रबंधात, मेदोरोगावरील सुश्रुताच्या विवेचनाचा धागा धरून, गुग्गुळाचा रक्तातील स्निग्धद्रव्यांवर होणारा परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांनी तपासला. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्यावर पुढील काम झाले, आणि 1980 च्या दशकात गुग्गुळाच्या अर्कापासून केलेले आधुनिक औषध बाजारात आले. त्याच्या गुणाविषयी सर्वांचे मत एक नाही. 2003 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर अपायकारक कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी थोडे वाढलेले आढळले. परंतु मागणी निष्कर्षांसाठी थांबत नसते. देशी कारखान्यांची आणि परदेशी गिऱ्हाइकांची भूक वाढली, आणि तिचा सारा भार त्या पुरुषभर उंचीच्या झुडपावर येऊन पडला.

झुडपाची चीक देण्याची शक्ती फार थोडी आहे. ते मोठे व्हावयास आठ-दहा वर्षे लागतात. हिवाळ्याच्या तोंडापासून उन्हाळ्यापर्यंत खोडावर सालीपुरताच हलका चिरा द्यावा, पंधरवड्याने ओघळून थिजलेले खडे वेचावेत, आणि मग झुडपाला विसावा द्यावा, ही खरी रीत. तिने एका झुडपापासून हंगामात काही शे ग्रॅमच माल निघतो. घाई झालेल्या मक्तेदाराला हे परवडत नाही. चिरा लाकडापर्यंत खोल जातो, एकाच खोडावर अनेक घाव पडतात, आणि अधिक चीक यावा म्हणून जखमेवर नाना तऱ्हेचे लेप लावले जातात. त्या हंगामात झुडूप भरभरून देते आणि पुढच्या हंगामापूर्वी वाळून जाते. इथेफॉन या रसायनाचा उपयोग केल्यास चीक सुमारे 22 पट वाढतो असे 1989 साली प्रयोगाने दाखविण्यात आले. शास्त्रज्ञांनी त्याचे प्रमाण आणि मर्यादा सांगितल्या होत्या, पण रानात मोजमापाची तमा कोण बाळगणार? त्यातच या झुडपाची वंशवृद्धी मंद. मादी झुडपांचीच संख्या फार मोठी, बी बहुधा परागसंयोगावाचून धरते, आणि रुजते त्यातले थोडेच. जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने 2015 साली गुग्गुळाला अतिसंकटग्रस्त ठरविले. आपल्याकडे पुरेना तेव्हा बराचसा माल सिंधमधून आणला जाऊ लागला, आणि तिकडेही, थरपारकरातील नगरपारकरच्या टेकड्यांत, तोच खोल घाव आणि तीच मरणकळा पोहोचली. सूक्तातील सिंधूकडचा गुग्गुळ आता त्याच्या माहेरीच दुर्मिळ होत आहे, ही गोष्ट लिहिताना मन विषण्ण होते.

लागवडीचे प्रयत्न मात्र चालू आहेत. अजमेरजवळ मांगलियावास येथे सरकारी गुग्गुळक्षेत्र आहे. कच्छात वनखात्याने आणि संशोधनसंस्थांनी पावसाळ्याच्या आरंभी फांद्यांचे तुकडे लावून रोपे तयार केली आहेत, आणि फांदीपासून रोप सहज होते ही या झुडपाची मोठीच कृपा आहे. परंतु लावलेल्या रोपांवर आठ-दहा वर्षे कोणी हात टाकणार नाही अशी व्यवस्था जोपर्यंत राखणाऱ्यालाच लाभदायक होत नाही, तोपर्यंत रोपवाटिकेचे यश रानात उतरावयाचे नाही, असे मला वाटते.

महाराष्ट्राच्या वाचकाला या संबंधात एक काम करता येण्यासारखे आहे. जुन्या औषधिग्रंथांत गुग्गुळाचा मुलूख सांगताना सिंध, राजपुताना, काठेवाड यांच्या बरोबरीने खानदेश, वऱ्हाड आणि बेल्लारी यांचीही नावे येतात. खानदेशातल्या आणि वऱ्हाडातल्या कोरड्या टेकड्यांच्या पायथ्याशी हिंडणाऱ्यांनी पहिल्या पावसानंतर, पाने ताजी असताना, डोळे उघडे ठेवावेत. सालईशी गल्लत होण्याचे कारण नाही. सालई हा उंच वृक्ष, त्याला काटे नाहीत, आणि त्याचे एकेक पान अनेक पर्णिकांच्या जोड्यांनी लांबलचक झालेले असते. काट्यात संपणाऱ्या फांद्या, सुटणारे कागदी पापुद्रे, त्याखालचे हिरवे अंग, एक किंवा तीन दातेरी पर्णिका आणि मोडताच येणारा गंध, ही लक्षणे जेथे एकत्र दिसतील तेथे खोडाला चिरा न देता पानाफळासह एक डहाळी कागदांत दाबून घ्यावी, जागा आणि तारीख लिहावी, आणि पुण्यास भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे जे कार्यालय आहे तेथील वनस्पतिसंग्रहातील नमुन्यांशी ती ताडून घ्यावी.